मायक्रोफिल्म आणि जुनी दप्तरं स्कॅन करायचं मोठं मशीन लावताना

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न नीट वाचला. तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय, त्यात जुन्या साप्ताहिकांचे ३५ एमएमचे मायक्रोफिल्म रोल (पानांचे बारीक फोटो काढलेली फिल्म), एका बंद पडलेल्या संस्थेच्या दप्तराचे १६ एमएमचे रोल, आणि वरून कपाटभर कागद, रुमालात बांधलेले, त्यात थोडे मोडीतले पण आहेत. देणगीतून एक सेकंडहँड मायक्रोफिल्म स्कॅनर आणि एक हाय स्पीड डॉक्युमेंट स्कॅनर आलाय आणि तुमचे चिटणीस आप्पा म्हणताहेत की दिवाळीपर्यंत सगळं उरकून टाका. मशीन कसं लावायचं, सेटिंग काय ठेवायची, दिवसाला किती पानं निघतील हे तुम्ही विचारलंय. मी जळगाव-धुळे पट्ट्यात हेच काम बरीच वर्षं करतोय, तर जरा लांबेल पण सगळंच सांगतो.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. मशीनमध्ये कंपनीने जी डिफॉल्ट सेटिंग भरून दिलेली असते ती पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेल्या इंग्रजी ऑफिस कागदांसाठी असते. आपला कागद तसा नसतो. तिथे डिस्पेकल म्हणून एक फिल्टर बहुतेक वेळा चालूच असतो, त्याचं काम म्हणजे बारीक काळे ठिपके कचरा समजून पुसून टाकायचे. इंग्रजीत त्याने फार तर आय वरचा टिंब जातो, वाचणाऱ्याचं अडत नाही. आपल्याकडे अनुस्वार जातो. वेलांटीच्या डोक्यावरचा टिंब जातो, नुक्त्यासारखी खूण जाते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्षेत्राच्या आकड्यातला दशांश बिंदू जातो. हेक्टर-आरमध्ये १.०४ लिहिलेलं असेल आणि मधला टिंब पुसला गेला तर पुढच्या माणसाने ते काय वाचायचं? आणि पान स्क्रीनवर दिसायला एकदम स्वच्छ दिसतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. म्हणून मशीन चालू केल्या केल्या डिस्पेकल बंद, शार्पनिंग बंद, ऑटो थ्रेशोल्ड (काळं कुठलं, पांढरं कुठलं हे मशीनने ठरवणं) बंद, कलर ड्रॉपआउट (एखादा रंग गाळून टाकणं) बंद, कोरी पानं आपोआप उडवायचा ऑप्शन बंद. हे सगळं नंतर कॉपीवर करता येतं, मूळ स्कॅनवर एकदा झालं की परत येत नाही. तुमचे रोल आणि कागद परत स्कॅन करायला पुन्हा कुणी देणगी देईल असं धरून चालू नका, हा एकच स्कॅन आहे असं समजूनच काम करा.

आता खोली. आपल्या खान्देशात एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि प्रत्येक ऑफिसात डेझर्ट कूलर लावलेला असतो. स्कॅनरच्या खोलीत कूलर अजिबात नको. कूलर हवेत पाणी सोडतो, त्याने कागद सादळतो, मऊ पडतो, दोन-दोन पानं चिकटून आत जातात, आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर ओल धरतो. एसीच लागतो, तो पण मशीन चालू असेपर्यंत सलग, मध्येच बंद मध्येच चालू असं नाही. एक साधं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं मीटर भिंतीला लावून टाका, ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली की कागद आणि फिल्म दोन्ही नीट चालतात. खूप कोरडं झालं, जसं थंडीत होतं, की स्टॅटिक तयार होतं आणि फिल्म धूळ ओढते. जवळपास जिनिंग असेल तर कापसाच्या सीझनला खिडकी उघडायचीच नाही, तो कापसाचा तंतू फिल्मच्या गेटमध्ये (कॅमेऱ्यासमोर फिल्म सरकते त्या खाचेत) अडकला की पूर्ण रोलवर केसासारखी रेघ येते. आणि खोली शक्यतो तळमजल्यावरची आतली घ्या, वरच्या मजल्यावर स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली काही ठेवू नका.

वीज. ऑनलाइन यूपीएस घ्या, साधा घरगुती इन्व्हर्टर चालत नाही कारण तो बदलताना जो झटका बसतो तेवढ्यात मायक्रोफिल्म स्कॅनरचा कॅमेरा अडकतो आणि चालू रोल पहिल्यापासून करावा लागतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून मोजून घ्या, तोंडी विचारून नाही. टेबल भक्कम हवं, आणि कागदाचा स्कॅनर फिल्मच्या स्कॅनरच्या टेबलावर ठेवायचा नाही, त्याच्या थरथरीने फिल्मवरची अक्षरं कडेला दातेरी येतात.

सेकंडहँड मशीन आहे म्हणून हे बघा की त्याच्याबरोबर मूळ कॉम्प्युटर आलाय का, सॉफ्टवेअरची यूएसबी लायसन्स की (पेन ड्राइव्हसारखी, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) आली आहे का, आणि आतलं फ्रेम ग्रॅबर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं) कोणत्या स्लॉटचं आहे. मोठे फिल्म स्कॅनर साध्या यूएसबीवर चालत नाहीत बऱ्याचदा, त्यांचा कॅमेरा वेगळ्या कार्डाला जोडलेला असतो आणि ते कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसतच नाही. ती लायसन्स की हरवलेली असेल तर मशीन नुसतं लोखंड आहे, तेव्हा ती मिळाल्यावर आधी तिच्यावर स्टिकर लावा आणि कपाटात कुलपात ठेवत जा. जुना कॉम्प्युटर विंडोज १० किंवा त्याच्या आधीचा असेल तर त्याला इंटरनेट जोडू नका, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तो फक्त स्कॅन करेल, फाइल काढायला दुसरा कॉम्प्युटर. आणि पहिल्याच दिवशी त्या जुन्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) काढून ठेवा, ती डिस्क गेली तर ड्रायव्हर, कॅलिब्रेशन सगळं गेलं.

आता फिल्म. रोल लगेच मशीनवर चढवू नका. आधी प्रत्येक डबी उघडून वास घ्या. शिरक्यासारखा, म्हणजे व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अॅसिटेट फिल्म आहे आणि ती सडायला लागली आहे, याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. त्यातून निघणारं अॅसेटिक अॅसिड शेजारच्या चांगल्या रोललाही लागतं म्हणून असे रोल त्याच दिवशी वेगळ्या खोलीत वेगळ्या कपाटात. आणि स्कॅनिंगचा नंबर त्यांचाच पहिला, कारण ती फिल्म आकसत जाते, पन्हाळीसारखी वळते आणि मग फोकस पूर्ण रुंदीवर मिळतच नाही. वास येत नसेल तर रोल बाजूने दिव्यासमोर धरा, गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर पॉलिस्टर, अंधारा दिसला तर अॅसिटेट. हे कळणं मशीनसाठी पण गरजेचं आहे कारण अॅसिटेट फिल्म अडकली की स्वतः तुटते, पॉलिस्टर तुटत नाही, ती मशीनचा रोलर नाहीतर मोटर खराब करते. म्हणून पॉलिस्टर रोलला टेन्शन कमी ठेवा आणि अडकल्याचा आवाज आला की थेट स्टॉप दाबा.

मग प्रत्येक रोल हाताच्या रिवाइंडरवर, खाली लाइट बॉक्स ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. हे कंटाळवाणं काम आहे पण इथेच सगळं कळतं. कुठे सेलोटेपचे जुने जोड आहेत (त्याचा गोंद वितळून पुढच्या वेढ्याला चिकटलेला असतो, ते काढून नवीन स्प्लाइस, म्हणजे जोड, करावा लागतो), कुठे बुरशी आहे, कुठे फिल्म उलटी गुंडाळली आहे. बुरशी दिसली तर पाण्याने पुसायचं नाही, बुरशीने जिलेटिन विरघळणारं झालेलं असतं, पाणी लागलं की अक्षरं निघून येतात. कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कपड्यानेच, तेही हलक्या हाताने. फिल्म धरायची फक्त कडेने, हातमोजे घालून. चकचकीत बाजू बेसची आणि निस्तेज बाजू इमल्शनची (अक्षरं असलेल्या थराची), इमल्शनला बोट लागू द्यायचं नाही. सुरुवातीला दोन-तीन फूट कोरी लीडर (रिकामी पट्टी) नसेल तर जोडून घ्या, नाहीतर पहिल्या चार फ्रेम (पानांचे फोटो) मशीनच्या रोलरवरच राहतात. एकाच रोलच्या दोन प्रती असतील, एक सिल्व्हरची (चांदीच्या क्षारांची) आणि एक डायझोची (रंगद्रव्यावर काढलेली कॉपी), तर सिल्व्हरची घ्या, ती मूळच्या जवळची असते. पण तीच जास्त वापरून ओरखडलेली असेल तर दोन्हीतून थोडं थोडं स्कॅन करून बघूनच ठरवा.

रिझोल्यूशनवरून लोक फार गोंधळतात म्हणून हिशोब सांगतो. आपल्याला मूळ कागदाच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पाहिजे. फिल्मवर कागद छोटा केलेला आहे, किती पट छोटा त्याला रिडक्शन म्हणतात. फुलस्केप कागद २१६ मिलिमीटर रुंद, फिल्मवर त्याची रुंदी भिंगातून मोजली आणि ९ मिलिमीटर भरली तर २१६ भागिले ९ म्हणजे २४ पट. मग फिल्मवर स्कॅनरने ३०० गुणिले २४, म्हणजे ७,२०० डीपीआयने वाचायला हवं. साप्ताहिकाचं मोठं पान ३५ एमएमवर साधारण १७ पट छोटं असेल तर ३०० गुणिले १७ म्हणजे ५,१००. आता मशीनच्या सेन्सरला मर्यादा असते. ८ हजार पिक्सेलचा सेन्सर ३५ एमएमच्या पूर्ण रुंदीवर लावला तर ५,८०० च्या आसपासच खरा डीपीआय मिळतो, सॉफ्टवेअर त्याच्यापुढचा आकडा टाकू देतं पण तो नुसता ताणून मोठा केलेला असतो, त्याने फाइल फुगते आणि अक्षर तसंच राहतं. रिडक्शन बऱ्याच वेळा रोलच्या पहिल्या फ्रेमवर लिहिलेलं असतं, किंवा पट्टीचा फोटो असतो. असेल तर तेच धरा, आणि तरी एकदा मोजून खात्री करा कारण एकाच रोलमध्ये मध्येच रिडक्शन बदललेलं असतं, विशेषतः मोठी रजिस्टरं आली की.

उजेड आणि फोकस यावर जितका वेळ घालवाल तितका कमी आहे. फोकस स्क्रीनवर पूर्ण पान बघून लावायचा नाही, १०० टक्के झूम करून फिल्मचे कण, म्हणजे ग्रेन, टोकदार दिसतात का ते बघायचं. मध्ये बघा आणि चारही कोपऱ्यात बघा. मध्ये चांगला आणि एका कडेला मऊ असेल तर फिल्म गेटमध्ये वाकडी बसली आहे किंवा कॅमेरा तिरका आहे, सेटिंगने ते सुटणार नाही, हाताने नीट करा. रोलच्या सुरुवातीला बारीक रेघांचा चौकोनी टेस्ट चार्ट असेल तर तो देवासारखा मानून त्यावरच फोकस लावा.

उजेडासाठी हिस्टोग्राम (चित्रात काळं ते पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख) उघडा. तुमचे रोल निगेटिव्ह असणार, म्हणजे अक्षर पारदर्शक आणि पार्श्वभूमी काळी. चांगल्या फिल्मची पार्श्वभूमी फार काळी नसते, साधारण ०.९ ते १.२ डेन्सिटी (काळेपणाचं माप). पण आपल्याकडच्या जुन्या रोलमध्ये एक पान फिकं आणि पुढचं एकदम काळं असं असतं कारण कॅमेरा लावणाऱ्याने पिवळ्या कागदाला आणि पांढऱ्या कागदाला एकच एक्स्पोजर दिलेलं असतं. हिस्टोग्रामची दोन्ही टोकं भिंतीला चिकटता कामा नयेत. रोलच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं असं तीन ठिकाणचं टेस्ट स्कॅन काढा, त्यातलं सगळ्यात काळं आणि सगळ्यात फिकं पान दोन्ही वाचता येतील असा उजेड ठरवा आणि पूर्ण रोल त्यावर लॉक करा. ८ बिट ग्रेस्केलमध्येच स्कॅन करा. काळं-पांढरं, म्हणजे बायटोनल, केलं तर फाइल खूप लहान होते हे खरं, पण फिक्या पानावरची शिरोरेघ तुटते, मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरं लिहिलेली असतात, त्यातली रेघ जाड होऊन अक्षर गिळते नाहीतर रेघ जाऊन नुसती वळणं उरतात. मोडी वाचणाऱ्याला शाईची जाडी-बारीकी पण दिसायला लागते, ती ग्रेस्केलमध्येच राहते.

मोठ्या मशीनमध्ये बहुतेक रिबन पद्धत असते, म्हणजे आधी पूर्ण रोल एका लांब पट्टीसारखा स्कॅन होतो आणि नंतर सॉफ्टवेअर त्यातून एकेक फ्रेम कापतं. ही पद्धत चांगली आहे कारण कापायला चुकलं तरी परत फिल्म चालवावी लागत नाही. सॉफ्टवेअर दोन फ्रेममधली पारदर्शक जागा शोधून कापतं. साप्ताहिकात मोठा काळा फोटो आला किंवा पान फाटलेलं असलं की एका पानाचे दोन तुकडे करतं, आणि दोन फ्रेम चिकटून काढलेल्या असल्या की दोन्ही एकच समजतं. म्हणून फ्रेमची कमीत कमी आणि जास्तीत जास्त लांबी स्वतः टाका आणि चारही बाजूंनी पाच-दहा टक्के जास्तीचं घ्यायला सांगा, समासात लिहिलेल्या नोंदी वाचतात त्याने. १६ एमएमच्या काही रोलमध्ये फिल्मच्या रुंदीत दोन ओळी असतात, वर एक पान खाली एक, त्यासाठी वेगळा मोड निवडायचा. कापून झालं की एकूण फ्रेमचा आकडा रोलच्या रजिस्टरशी जुळवा. आणि एक लक्षात ठेवा, पूर्वी जी पानं खराब आली ती परत काढून रोलच्या सुरुवातीला किंवा शेवटी जोडत असत, त्यामुळे शेवटी अचानक मधल्या तारखांची पानं दिसली तर ती जास्तीची समजून उडवू नका, तीच चांगली असतात. रिबनची मूळ फाइल तपासणी पूर्ण होईपर्यंत डिलीट करायची नाही.

आता कागद, इथे खरा घाम निघतो. मशीनवर मिनिटाला ८० पानं लिहिलेलं असतं ते कोऱ्या करकरीत ए-फोर कागदासाठी. तुमचे कागद आधी मोकळे करावे लागतील, गंजलेल्या टाचण्या, पिना, टॅग, दाभणाने शिवलेला दोरा. टाचणी ओढून काढली की कागद फाटतो, टोकाकडची बाजू आधी सरळ करून मग काढा. एक पिन आत गेली तर स्कॅनरच्या काचेवर कायमची रेघ पडते, म्हणून प्रत्येक गठ्ठा हाताखालून सरकवून बघणारा एक वेगळा माणूस ठेवाच.

मग कागदाचे सरळ दोन भाग करा, जे मशीनमधून जाऊ शकतात आणि जे जाऊच नयेत. कोपरा अलगद वाकवल्यावर मोडतो तो कागद, हाताने बनवलेला देशी कागद, मोडीचे रुमाल, ट्रेसिंग क्लॉथवरचे नकाशे, कीड लागलेलं, हे काहीही रोलरमधून घालायचं नाही. त्याला वरून फोटो काढणारा ओव्हरहेड स्कॅनर, नाहीतर चांगला कॅमेरा स्टँडवर लावून दोन बाजूंनी सारखा उजेड. इतिहासकार वि. का. राजवाड्यांसारख्या माणसाने गावोगाव पायपीट करून दप्तरं जमवली, १९२६ ला ते धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे, समर्थ वाग्देवता मंदिर (हस्तलिखितांचा संग्रह) आहे, तिथे जाऊन हस्तलिखितं कशी बांधून, कशी हाताळून ठेवतात ते एकदा बघून या आप्पांना घेऊन. तुमच्या रुमालातला कागद त्याच तोलाचा असू शकतो, वाचून झाल्याशिवाय कुणाला माहीत.

जे कागद मशीनमधून जातील त्यांच्यासाठी, डबल फीड सेन्सर चालू ठेवा. तो आवाजाच्या लहरींवर चालतो, त्यामुळे ज्या कागदावर कोर्ट फीचं तिकीट किंवा फोटो चिकटवलेला असतो तिथे तो उगाच थांबतो. लोक वैतागून सेन्सरच बंद करतात. तसं करू नका, तिकीट जिथे असतं तेवढा पट्टा सोडून बाकी जागेवर सेन्सर लागू करायचा ऑप्शन असतो. पातळ कार्बन कॉपीचे कागद वेगळे काढून कमी स्पीडला चालवा. मागची शाई पुढे उमटत असेल तर स्कॅनरची पार्श्वभूमी पांढरीऐवजी काळी करा, बराच फरक पडतो.

रंग. आपल्या दप्तरात पेन्सिलीतल्या नोंदी असतात, लाल शाईतला शेरा असतो, जांभळा शिक्का असतो. कुठला आकडा नंतर दुरुस्त केला हे बऱ्याचदा फक्त शाईच्या रंगावरून कळतं. म्हणून हाताने लिहिलेलं सगळं कलरमध्येच, ३०० डीपीआय, अक्षर बारीक असेल तर ४००. छापील पावती पुस्तकं वगैरे ग्रेस्केलमध्ये चालतील.

रोलर आणि काच दर काही गठ्ठ्यांनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनर किंवा पेट्रोल लावलं तर रबर फुगून जातं. सगळ्या पानांवर एकाच जागी उभी रेघ आली तर ती कागदाची नाही, काचेवरच्या धुळीची आहे. फिल्मवर तशी रेघ आली तर दुसरा रोल लावून बघा, तिथेही आली तर गेटमधली घाण, नाही आली तर फिल्मवरचा ओरखडा. रोलर बदलायचा पानांचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो आपल्या धुळीत आधीच संपतो असं धरून एक जोडी आधीच मागवून ठेवा.

डिस्कचा हिशोब आप्पांना आधीच दाखवा, नाहीतर मध्येच पैसे संपतात. ए-फोर पान ३०० डीपीआय कलर म्हणजे कॉम्प्रेस न करता २६ एमबी, ग्रेस्केल ८.७ एमबी. १०० फुटी १६ एमएमच्या रोलमध्ये साधारण अडीच हजार पानं बसतात, म्हणजे ग्रेस्केलमध्ये एक रोल २१-२२ जीबी. लॉसलेस (काहीही न गमावणारं) कॉम्प्रेशन असलेलं टिफ किंवा जेपीईजी २००० केलं की बरंच खाली येतं. मूळ प्रत तीच ठेवा, वाचकांना द्यायला त्याच्यातून पीडीएफ वेगळी काढा. स्कॅन करताना फाइल कॉम्प्युटरमधल्या एसएसडीवरच पडू द्या, नेटवर्कवर किंवा क्लाउडवर थेट नाही, मध्ये लिंक अडखळली की पानं गळतात. संध्याकाळी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी, आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावात, कुणा विश्वासू माणसाकडे नाहीतर दुसऱ्या संस्थेत. रेड (अनेक डिस्क एकत्र चालवायची सोय) लावला म्हणून बॅकअप झाला असं नाही, चुकून डिलीट केलेली फाइल तो पण इमानदारीने डिलीट करतो. प्रत्येक फोल्डरची एसएचए-२५६ चेकसम (फाइलचा आकडी ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो, यालाच हॅश म्हणतात) काढून ठेवा. याचा आणखी एक उपयोग आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर जे प्रमाणपत्र लागतं त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. उद्या कुणी शेतीच्या वादात तुमच्याकडून एखादं पान मागितलं तर तयारी असलेली बरी.

फाइलचं नाव छोटं आणि रोमन अक्षर-आकड्यातच ठेवा, जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावाला अडखळतात, आणि आकडे ०००१ असे शून्य लावून. बाकी माहिती युनिकोडमध्ये वेगळ्या एक्सेल शीटला. तिथे आपल्या भागाचा एक घोळ असतो तो सांभाळा. १९०६ च्या आधीच्या कागदावर जिल्हा नुसता खानदेश असतो, त्यानंतर पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, नंतर जळगाव आणि धुळे, आणि नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. मुक्ताईनगर जुन्या कागदात एदलाबाद म्हणून येतं. म्हणून शीटमध्ये दोन रकाने करा, कागदावर आहे तसं नाव आणि आजचं नाव. शोधणारा कुठलंही टाकेल. तारीख पण आहे तशी लिहा, शके असेल तर शके, फसली (जुनं महसुली वर्ष) असेल तर फसली, इसवी सनात बदललेली दुसऱ्या रकान्यात. ओसीआरबद्दल (चित्रातला मजकूर टाइप केलेल्या अक्षरात बदलणं) सांगायचं, तर स्वच्छ छापील मराठीला टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरचं मराठी मॉडेल बऱ्यापैकी चालतं, साप्ताहिकांना वापरा. हाताच्या अक्षराला आणि मोडीला माणूसच लागतो, त्यात वेळ घालवू नका.

तपासणी जो स्कॅन करतो त्याने करायची नाही. दुसऱ्या माणसाने सगळी पानं छोट्या चित्रात नजरेखालून घालायची, कापलेलं, तिरकं, गायब बघायला, आणि ठराविक अंतराने पान १०० टक्के झूम करून अनुस्वार, आकड्यांमधले टिंब, समासातला मजकूर बघायचा. साप्ताहिकाचा एखादा अंक गायब असेल तर तिथे मूळ कागदच नव्हता की स्कॅनमध्ये सुटला हे शीटमध्ये लिहा, पुढच्या अभ्यासकाचे महिने वाचतात. मोडीच्या पहिल्या काही फाइल मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवून मगच पुढे जा.

दिवसाला किती निघेल? आप्पांना स्पष्ट सांगा की मशीनवर लिहिलेल्या आकड्याचा चौथा हिस्सा निघाला तरी चांगलं काम चाललंय. फिल्मचा एक रोल मशीनमधून लवकर जातो, पण आधीची पाहणी, जोड, टेस्ट स्कॅन आणि नंतरची तपासणी धरून दिवसाला दोन-तीन रोल नीट झाले तर मी समाधानी असतो. कागदाचं तर मोकळं करणारी तीन माणसं आणि स्कॅन करणारा एक असं प्रमाण ठेवलं तर मशीन रिकामं राहत नाही. दिवाळीचं बंधन आप्पांकडून काढून घ्या, त्याऐवजी दिवाळीपर्यंत सगळे आंबट वासाचे रोल आणि सगळ्यात जुनं साप्ताहिक पूर्ण करू असं सांगा. हे होण्यासारखं आहे.

स्कॅन झालेला रोल हळू गुंडाळा, घट्ट ओढून नाही, सुरुवात बाहेरच्या बाजूला राहील असा, रबर बँड न लावता. डबीवर पेन्सिलने रोल नंबर आणि स्कॅनची तारीख लिहून स्टीलच्या कपाटात, आंबट रोलपासून लांब, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, आणि त्या पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला बदलत जा. कागद पुन्हा रुमालात बांधताना टाचण्या परत लावू नका, कोऱ्या अॅसिड-फ्री कागदाच्या घडीत ठेवून सुती पट्टीने सैल बांधा. आणि स्कॅन झालं म्हणून आप्पा किंवा समितीतलं कुणी मूळ दप्तर रद्दीत द्यायचं म्हणालं तर होऊ देऊ नका.